लिफ्टमध्ये अडकलेल्याशी बोलायचं कोणी?

…नाही, तुम्हीच सांगा, बातमी यायची काही वेळ असते की नाही? माणूस कोलंबी सोलत असताना येते का कधी बातमी? बुधवार होता हो, साधा बुधवार! वर्तकनगरच्या बाजारातून कोलंबी आणलेली, कोळीण बिचारी म्हणत होती, "साहेब, मी देते सोलून," आणि मी ताठ मानेने म्हटलेलं, "येतं मला!" येत नव्हतं. अर्धी कोलंबी सालासकट गेलेली, हात दोन्ही बरबटलेले, आणि तेवढ्यात फोन वाजला. मी सवयीने आत बघून म्हटलं, "अगं, उचल गं जरा…" आणि मग नाकाने उचलला. खरंच सांगतो, नाकाच्या शेंड्याने! उचलला नाकाने आणि स्पीकरवर टाकला तोही नाकानेच.

पलीकडे कल्याणच्या त्या मोठ्या टाउनशिपचे मॅनेजर. मधात बुडवून काढलेला आवाज. "साईनाथजी, छोटीशी बातमी होती." आता वाईट बातमी मोठीशी म्हणून आलेली कोणी ऐकलीय? "काय आहे ना, पुढच्या महिन्यापासून लिफ्टच्या तक्रारी फोनवर चालणार नाहीत. सॉफ्टवेअर पाहिजे. आमची सिस्टीम तुमच्या सिस्टीमशी बोलेल." म्हटलं, "आणि माणसं?" म्हणाले, "माणसांना ॲप आहे ना!" म्हटलं, "पण कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?" म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा. वर्कफ्लो ऑटोमेशन घ्या, बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट घ्या, आमचं काही म्हणणं नाही. तुम्ही फक्त निवडायचंय."

फक्त! ऐकलंत? फक्त निवडायचंय!

तुम्हाला सांगतो, आमचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, एक ऑफिस, ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक पंखा, आणि एक फोन. लिफ्ट अडकली की आतल्या माणसाने लाल बटण दाबायचं, की आमच्याकडे तो फोन वाजतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आमच्या लिफ्टा वरखाली होतात, आणि त्यातल्या निम्म्या त्या एकट्या टाउनशिपमध्ये. ते काम गेलं तर निम्म्या मेकॅनिकांना घरी बसवायचं, त्यात मारुतीही आला. मारुती म्हणजे आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक, माझ्या लग्नाच्या वरातीत पेट्रोमॅक्स घेऊन पुढे चाललेला माणूस, त्याला काय सांगायचं? "मारुती, उद्यापासून येऊ नकोस, मला दोन सॉफ्टवेअरमधलं एक निवडता आलं नाही"?

असल्या निवडी आमच्याकडे जया करायची. पंखा कुठला, मेकॅनिक कुठला, मी कुठला शर्ट घालून मीटिंगला जायचं… जया म्हणजे माझी बायको. श्रावणात गेली. आजारी होती, डॉक्टरांनी आधी सांगितलेलं होतं, सगळं रीतसर झालं. असो.

तर निवडायचं फक्त! पहिला आला राकेश. वर्कफ्लो ऑटोमेशनवाला. हा मुलगा खुर्चीवर बसत नाही हो, खुर्चीवर उतरतो! लॅपटॉप उघडला, आणि सुरू. "सर, एकदम सिंपल. अमुक झालं की तमुक! तक्रार आली की मेकॅनिकला मेसेज. मेकॅनिकने 'झालं' दाबलं की सोसायटीला मेसेज. सोसायटीने 'ओके' दाबलं की बिल. खटाक, खटाक, खटाक! तुम्ही काही करायचंच नाही, सर!" म्हटलं, "मग मी काय करू?" म्हणाला, "तुम्ही एन्जॉय करा ना, सर!" आता तुम्हाला सांगतो, घरी कोलंबी सोलतोय, ऑफिसात फोनकडे बघत बसतोय, आणखी किती एन्जॉय करू?

मारुती कोपऱ्यात चहा पीत होता, त्याने विचारलं, "आणि मी 'झालं' दाबलं आणि झालं नसेल तर?" राकेश म्हणाला, "मग नका ना दाबू, काका!" मारुतीने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. बरा आहे म्हणून की वाईट आहे म्हणून, ते मारुतीच्या मानेवरून त्याच्या आईलासुद्धा कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आली संचिता. बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंटवाली. ही एकदम शांत. लॅपटॉप उघडलाच नाही. पाणी घेतलं, फोनकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "सर, सॉफ्टवेअर नंतर. आधी तुमचं काम कसं चालतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कळू दे. तुम्ही सांगितलंत ते राकेशजींचं जे आहे ना, त्यात एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आपोआप जाता येतं. पण पायऱ्या कोणत्या, त्या तशाच का, कुठे काम अडतं, कोण सांभाळतं, हे सगळं आम्ही काढतो, मोजतो आणि सुधारतो." म्हटलं, "म्हणजे तो बेल लावून देणार आणि तुम्ही घराचा नकाशा काढणार?" ती हसली. "असंच समजा. कुठलंही घ्या, सर. फक्त निवडायचंय."

झालं! तीही तेच!

मग तिने एक मोठा कागद भिंतीला चिकटवला आणि चौकोन काढायला लागली. "इथे लिफ्ट अडकली. इथे लाल बटण. इथे तुमच्याकडे फोन वाजला. इथे मारुतीकाका निघाले. इथे पोहोचले. मला सांगा, निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ जातो?"

मारुती म्हणाला, "ताई, कल्याणला पत्री पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये असेन तर तो पूल जाणे आणि मी जाणे."

"आणि तेवढा वेळ लिफ्टमधला माणूस काय करतो?"

आता बघा, राकेशने हे विचारलंच नव्हतं. कोणीच कधी विचारलं नव्हतं.  मारुती म्हणाला, "वहिनी बोलायच्या ना त्याच्याशी."

"काय बोलायच्या?"

काय बोलायची? अहो, काय बोलायची नाही ते विचारा! फोन वाजला की एका हाताने मारुतीला पिटाळायची, दुसऱ्या हातात रिसीव्हर. तिकडून लोक काय काय ओरडायचे! "अहो मॅडम, माझा गॅस चालू राहिलाय!" "मॅडम, मी इथे मरणार, माझ्या मुलीला सांगा, लॉकरची चावी…" एक सोसायटीचे चेअरमन अडकले होते, ते आतून म्हणतात, "मी चेअरमन बोलतोय!" जया म्हणाली, "बोला ना, तुम्ही चेअरमन झालात कसे?" आणि तो माणूस दार उघडेपर्यंत निवडणुकीची गोष्ट सांगत बसला हो, बाहेर काढलं तर म्हणाला, "अजून मतमोजणी व्हायची होती!" कोणी अगदीच घाबरलं, पोरबीर असलं, तर ती तिच्या माहेरच्या बोलीत जायची. "घाबरू नको बाला, मी हाय. डोळे मीट." माहेर तिचं दिवा स्टेशनच्या पलीकडे, खाडीकाठी. आजोबा मिठागरावर. मग ती सांगायची… भरतीला बांधाचं दार उघडायचं, खाडीचं पाणी आत घ्यायचं. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, सावकाश, उथळ होत होत जाऊ द्यायचं, कोणी घाई करायची नाही. ऊन काय करायचं ते करतं. दुपारी वारा पडला की पाण्यावर दुधाच्या सायीसारखी पांढरी खपली धरते, आणि आजोबा म्हणायचे, श्वास जोरात सोडू नका रे, मोडेल…

लोकांचा श्वास संथ व्हायचा हो. मी समोरच्या टेबलावर बसलेलो असायचो, माझासुद्धा व्हायचा!

संचिताने एक चौकोन काढला. त्यात लिहिलं, 'अडकलेल्या माणसाशी बोलणे'. मग म्हणाली, "सर, प्रत्येक पायरीचा कोणीतरी मालक लागतो. इथे नाव कोणाचं?"

मी म्हटलं, "जरा पाणी पिऊन येतो."

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? टाक कोणाचं तरी नाव! अहो, पण कोणाचं? श्रावणापासून तो फोन मारुतीच्या मोबाइलवर वळवलेला. आणि मारुती काय बोलतो? "आलो आलो आलो, पाच मिनिटं!" संपलं. स्कूटरवर असतो बिचारा, मागून ट्रक भोंगा मारतोय, आतला माणूस आणखी घाबरतो. मी राकेशला फोन लावला. म्हटलं, "तुझ्या त्या खटाक-खटाकमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलायचं कोणी?" म्हणाला, "इझी, सर! रेकॉर्डेड आवाज टाकू." आणि ऐकवलाच त्याने मला, कुठल्यातरी बाईचा आवाज. "प्रिय ग्राहक, आपण लिफ्टमध्ये अडकला आहात." अरे, त्याला माहीत आहे की ते! तो आतच आहे! "मग म्युझिक टाकू, सर? बासरी?" म्हटलं, नको रे बाबा बासरी, अंधारात एकटा माणूस आणि वर बासरी, तो समजायचा आपण पोहोचलोच!

पण राकेशचं घेतलं असतं ना, तर तो प्रश्नच मिटला असता. तक्रार, मेसेज, बिल. जयाची पायरी त्यात नव्हतीच. खोडायला नको, मालक शोधायला नको, काही नको. आणि संचिताचं घेतलं तर तो चौकोन भिंतीवर राहणार, आणि त्यात जयाच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहायचं. म्हणजे, एकात ती पायरी कधी नव्हतीच असं म्हणायचं, आणि दुसऱ्यात ती आहे पण माणूस दुसरं आहे असं म्हणायचं. हे असलं निवडायचं होतं हो. फक्त!

असेच दिवस गेले, आणि एका दुपारी ऑफिसात कोणी नव्हतं. पंखा फिरत होता, एसटीची अनाउन्समेंट लांबून येत होती… मुरबाड, शहापूर, भिवंडी… कागदाचं एक टोक सुटून हलत होतं, आणि मला झोप लागली की नाही ते माहीत नाही, पण ते चौकोन हलायला लागले. आधी वाटलं लिफ्टा आहेत, प्रत्येकात कोणीतरी उभं आहे, पिशवी धरून, गप्प. मग वाटलं नाही, हे वाफे आहेत. बाणाबाणातून पाणी चाललंय, ह्या चौकोनातून त्या चौकोनात, आवाज न करता, आणि त्या एका चौकोनापाशी येऊन थांबलंय. पुढे जात नाही. नुसतं उन्हात चमकतंय. मी काठावर बसलोय, पाय पाण्यात सोडून, आणि मला काही म्हणजे काही घाई नाही. एवढं बरं वाटलं हो, किती दिवसांनी… आणि मारुतीने खांदा हलवला. "शेठ, घोरताय!"

तुम्हाला सांगतो, जागा झालो तो राकेशच्या बाजूने. म्हटलं, पुरे. खटाक तर खटाक. फोन केला, उद्या ये म्हटलं, सही करतो.

आणि इथे माझी जी फजिती झाली! संचिताने आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, "सर, एक दिवस तो फोन मारुतीकाकांकडे वळवू नका. ऑफिसातच वाजू दे. मला बघायचंय काय होतं ते." मी हो म्हटलेलं. फोनही परत ऑफिसात घेतलेला, आणि ती आज येणार हेच विसरलो! म्हणजे राकेश करार घेऊन आला, संचिता वही घेऊन आली, दोघं एकाच वेळी एकाच दारात, "आफ्टर यू, मॅम," "नो नो, प्लीज," आणि मी मध्ये, हातात पेन. लग्नाच्या हॉलमध्ये दोन नवरदेव आल्यासारखं झालं!

आणि फोन वाजला.

मारुती कल्याणला. बाकीचे दोघे घोडबंदरला एका लिफ्टच्या दोरांत गुंतलेले. उचलायचा कोणी? राकेश माझ्याकडे बघतोय, संचिता घड्याळाकडे बघतेय. उचलला. ह्या वेळी हाताने.

"हॅलो, लिफ्ट अडकलीय," म्हातारा आवाज, अजिबात न घाबरलेला. "वर्तकनगर. मी आवडाबाई. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये आहे. बाईंना द्या."

म्हटलं, "मेकॅनिकला पाठवतो, आजी. लांब आहे तो जरा."

"असू दे लांब. बाईंना द्या ना. मागच्या खेपेला पाण्यावर खपली धरली तिथवर आलं होतं आमचं, आणि तुमच्या त्या माणसाने दार उघडलं मेल्याने. पुढे काय झालं ते राहिलं."

आता काय बोलू? मी मारुतीला दुसऱ्या फोनवरून पिटाळलं आणि ह्या फोनवर गप्प.  आतल्या माणसाशी बोलायचं असतं एवढं कळत होतं, पण तोंडातून काय यावं? "जेवण झालं का?" लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईला मी विचारतोय, जेवण झालं का!

"अरे, जेवणाचं काय घेऊन बसलास? मुका झालास का? बाई कुठेत?"

"नाही आहेत," मी म्हटलं.

"सुट्टीवर?"

"नाही. जया गेली, आजी. श्रावणात."

 राकेशने लॅपटॉप हळूच मिटला. मला वाटलं, झालं, घाबरवलं म्हातारीला, आता ही आतमध्ये… आणि फोनमधून सावकाश आवाज आला. "बस."

म्हटलं, "काय?"

"उभा असशील तर बस खाली. मी बसलेय इथे पिशवीवर. कांदे आहेत खाली, टोचतायत, पण बसलेय. तू पण बस. घाबरू नको, मी आहे."

बसलो. अहो, अडकलेली ती! अंधारात ती! आणि धीर देतेय मला! माझ्या ऑफिसात पंखा आहे, दिवा आहे, दोन दोन सॉफ्टवेअरवाले आहेत, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधली बाई मला विचारतेय, "रात्री झोप लागते का रे? जेवण कोण करतं?" म्हटलं, "मीच." "काय करतोस?" "कोलंबी." "सोलता येते?" म्हटलं, "नाही." "कोळणीकडून घ्यायची सोलून! एवढं कसलं बाबा मानाचं?" संचिता खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. हसत होती की काय, मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

मग आजी म्हणाली, "बरं, आता पुढचं सांग. खपली धरली, मग?"

म्हटलं, "आजी, मला तिच्यासारखं येत नाही."

"तिच्यासारखं कोण मागतंय? मला इथे बसवत नाहीये, काहीतरी बोल."

आणि सांगितलं. जसं आठवलं तसं, मागचं पुढे, पुढचं मागे. खपली जाड झाली की लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचं, हलक्या हाताने, खालचा चिखल वर येता कामा नये. मग ढीग. लांबून बघितलं तर पांढरे तंबू लागलेत असं वाटायचं. जया लहान असताना तिला वाटायचं त्यांत कोणीतरी राहतं, आणि ती प्रत्येक ढिगापाशी जाऊन हाक मारून यायची… हे मला आठवतंय हे मलाच माहीत नव्हतं. मी बोलत होतो आणि पाणी चाललं होतं, ह्या वाफ्यातून त्या वाफ्यात.

मध्येच फोनमधून मारुतीचा आवाज. "आजी, उघडलं दार! चला, बाहेर या!"

"थांब रे, बोलतेय मी!"

"अहो, लिफ्ट सोडायचीय, खाली लोक खोळंबलेत!"

"खोळंबू देत. हा अजून बोलतोय. हं, बोल रे तू. हाक मारून यायची, आणि मग?"

दार उघडं, मारुती दारात, सगळी सोसायटी जिन्यात, आणि आवडाबाई आतून हलायला तयार नाहीत! शेवटी फोन तिने ठेवला की मी, आता सांगता येत नाही.

 मीच उठलो, भिंतीपाशी गेलो, आणि त्या चौकोनात लिहिलं, 'साईनाथ'. अक्षर वाकडं आलं. राकेश म्हणाला, "सर, म्हणजे मॅमचं घेणार तुम्ही?" म्हटलं, "हो रे बाबा." तर म्हणतो काय, "तसं माझं त्याच्या आत बसतं, सर. त्यांचा नकाशा, आत माझं खटाक-खटाक. बरेच जण दोन्ही घेतात." अरे! मग पंधरा दिवस माझा जीव का खाल्लास? "तुम्ही विचारलंच नाही, सर. तुम्ही म्हणालात, निवडायचंय!"

तर टाउनशिप राहिली. मारुती राहिला. 'झालं' दाबतो आता, खरंच झालं की मगच, आणि दाबताना चेहरा असा करतो जसं काही मतदान करतोय. फोन ऑफिसात वाजतो आणि मी उचलतो. बोलतो. फार चांगलं नाही, लोक मध्येच विचारतात, "काका, झोपलात का?", पण बोलतो.

फक्त एक आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पायरीला सुरुवात लागते आणि शेवट लागतो. सुरुवात भरली, लाल बटण. शेवटाला संचिताने दोनच पर्याय ठेवलेत, दार उघडलं की, किंवा फोन ठेवला की. दर सोमवारी तिचा फोन येतो. "सर, ती पायरी संपली कधी धरायची? सिस्टीम लाल दाखवतेय. दोन्हींतलं कुठलंही चालेल, सर, फक्त निवडायचंय."

मी म्हणतो, हो, आज करतो.

अजून केलेलं नाही.